कॉम्प्युटरमधले सिनेमे आणि गाणी रिसीव्हरवर चालतील का? आधी फाईल कोण उघडणार ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलुंडला टू बीएचके, हॉलमध्ये ४के टीव्ही, आतल्या खोलीत डेस्कटॉप. डेस्कटॉपमध्ये दोन प्रकारचा ऐवज आहे. एक, तुमच्याच डीव्हीडी आणि ब्लू-रेवरून काढून ठेवलेले सिनेमे, बहुतेक एमकेव्ही. दुसरा, वडिलांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं नाट्यसंगीत आणि अभंग, काही वेव्ह (न दाबलेला आवाज), काही फ्लॅक (काही न गाळता दाबलेला), काही एमपी३. रिसीव्हरसाठी, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरसाठी, साठ-सत्तर हजारांची तयारी आहे. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका दुकानदाराने सांगितलं, "हा घ्या, यूएसबी आहे, नेटवर्क आहे, कॉम्प्युटरचं सगळं चालतं." दुसऱ्याने हाय-रेझचं (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाचं) चिन्ह असलेलं वरच्या किमतीचं मॉडेल पुढे केलं. आणि तुम्ही विचारताय, यातला कुठला रिसीव्हर माझ्या सगळ्या फायली वाजवेल?

मुंबईत लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. सिनेमांपुरतं उत्तर सरळ आहे: दोन्ही मॉडेल तुमची एकही सिनेमाची फाईल उघडणार नाहीत. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण सिनेमाची फाईल उघडणं हे रिसीव्हरचं काम नाही. खरा प्रश्न 'रिसीव्हरला कुठल्या फायली चालतात' हा नाहीच. 'माझ्या घरात फाईल कोण उघडणार, आणि उघडल्यावर आवाज रिसीव्हरपर्यंत कुठल्या वाटेने येणार' हा आहे. याचं उत्तर ठरलं की रिसीव्हर निवडणं सोपं होतं.

एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत चित्र एका प्रकारचं, आवाज दुसऱ्या प्रकारचा, सबटायटल आणखी वेगळी. तो डबा उघडायचं काम कॉम्प्युटर करतो, टीव्हीतलं ॲप करतं किंवा टीव्हीखाली ठेवलेला एखादा मीडिया बॉक्स करतो. उघडल्यावर चित्र पडद्याकडे जातं आणि आवाज रिसीव्हरकडे. रिसीव्हरला ती फाईल एमकेव्ही होती की एमपी४, हे कळतही नाही. त्याच्याकडे येतो तो फक्त आवाजाचा प्रवाह: डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस, डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, नाहीतर आधीच उलगडलेला साधा पीसीएम. तुमच्या बजेटमध्ये नामांकित कंपन्यांचे जे नवे रिसीव्हर मिळतात त्यांना हे सगळे कळतात. म्हणून या मुद्द्यावर एका मॉडेलसाठी दुसऱ्यापेक्षा दहा हजार जास्त मोजायची गरज नाही.

मग खोक्यावरच्या 'यूएसबी'चा अर्थ काय? रिसीव्हरच्या तोंडावरचं यूएसबी पेन ड्राइव्ह लावून गाणी ऐकण्यासाठी असतं. सिनेमा त्यातून चालत नाही. आणि कॉम्प्युटरपासून त्या यूएसबीपर्यंत केबल टाकली तर काहीच होत नाही, कारण दोन्ही बाजूंना 'मी मालक, तू ड्राइव्ह' असाच पोर्ट असतो. यूएसबी डॅक म्हणून कॉम्प्युटरचा डिजिटल आवाज स्पीकरसाठी बदलणारं जे वेगळं यंत्र मिळतं त्याचा पोर्ट उलट्या बाजूचा असतो, तो होम थिएटर रिसीव्हरवर सहसा नसतो. दुकानात 'यूएसबीने कॉम्प्युटर जोडता येतो' असं सांगितलं तर तिथेच जोडून दाखवायला सांगा.

पेन ड्राइव्हलाही अटी आहेत. ड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात. बरेच रिसीव्हर फॅट३२ फॉरमॅटच वाचतात, काही एनटीएफएस वाचतात, आणि मोठे ड्राइव्ह ज्या एक्सफॅटमध्ये येतात तो अनेकांना कळत नाही. ड्राइव्ह लावला आणि 'नो फाइल' आलं, तर गाणी खराब झाली असं समजू नका, आधी फॉरमॅट बघा. शिवाय किती फोल्डर आणि किती फायली वाचायच्या याला मर्यादा असते. डेनॉनच्या अनेक मॉडेलांच्या माहितीपुस्तकात ती ५०० फोल्डर आणि ५,००० फायली अशी छापलेली आहे. दहा-वीस कॅसेटच्या संग्रहाला हे पुष्कळ झालं, पण सगळी हार्ड डिस्क लावायचा विचार असेल तर अडचण येईल.

'नेटवर्क' किंवा 'डीएलएनए' याचाही अर्थ नीट लावायला हवा. डीएलएनए ही घरातल्या यंत्रांनी एकमेकांच्या फायली वाजवाव्यात म्हणून २००३ मध्ये सुरू झालेली व्यवस्था. ती चालवणारी संस्था २०१७ मध्ये बंद झाली, पण पद्धत अजून रिसीव्हरांत आणि टीव्हींत टिकून आहे. रिसीव्हरवर डीएलएनए असणं म्हणजे तो आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची गाणी घरच्या राउटरमार्गे वाजवू शकतो. इथेही फक्त गाणी. सिनेमाचं डीएलएनए टीव्हीत असतं, रिसीव्हरमध्ये नाही. आणि त्यासाठी कॉम्प्युटर चालू लागतो, त्यावर प्लेक्स किंवा जेलीफिनसारखा एखादा सर्व्हर, म्हणजे घरात फायली वाटून देणारं सॉफ्टवेअर, बसवलेला लागतो. रात्री डेस्कटॉप बंद करायची सवय असेल तर सकाळी अभंग लागणार नाहीत, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

आता सिनेमांकडे येतो, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. यातली कुठली योग्य, हे डेस्कटॉप हलवता येतो का, टीव्ही कुठला आहे आणि फायलींतला आवाज कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरेल.

पहिली वाट: टीव्हीतलं ॲप आतल्या कॉम्प्युटरवरची फाईल उघडतं आणि आवाज एचडीएमआयच्या आर्क पोर्टमधून उलटा रिसीव्हरकडे पाठवतं. दिसायला सर्वांत सुटसुटीत, कारण नवं काही घ्यावं लागत नाही. पण या वाटेवर टीव्ही हा नाकेदार आहे, तो जे सोडेल तेवढंच पुढे जाणार. साध्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातात. ओटीटीवरचा ॲटमॉस (वरून येणारा आवाजही देणारा डॉल्बीचा प्रकार) डॉल्बी डिजिटल प्लसच्या पोटात येत असल्याने तोही जातो. मात्र ब्लू-रेवरचा ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ साध्या आर्कमधून जात नाही, त्याला ईआर्क, म्हणजे आर्कची सुधारित आवृत्ती, लागतो. ईआर्क एचडीएमआय २.१ बरोबर आला, आणि तो टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडेही हवा. एकाकडे असून भागत नाही.

त्यातही डीटीएसचा घोळ वेगळा आहे. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं, एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणलं. तुमच्या ब्लू-रेच्या फायलींत डीटीएस बहुधा असणार, कारण कित्येक डिस्कवर मूळ आवाजच डीटीएस-एचडी असतो. अशा टीव्हीवर तुम्ही फाईल लावता, चित्र दिसतं, आवाज येत नाही, नाहीतर सर्व्हर तो आवाज वाटेतच दुसऱ्या प्रकारात बदलून पाठवतो. लोक मग रिसीव्हर बदलायला निघतात. रिसीव्हर बिचारा ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत डीटीएस पोचलेलंच नसतं.

दुसरी वाट: डेस्कटॉप किंवा लॅपटॉप एचडीएमआयने थेट रिसीव्हरला, आणि रिसीव्हरमधून दुसरी एचडीएमआय टीव्हीला. ही माझी सर्वांत आवडती वाट, कारण यात टीव्हीकडे फक्त चित्र दाखवायचं काम राहतं. विंडोजमध्ये एक गोष्ट मात्र हाताने करावी लागते. साउंडच्या जुन्या खिडकीत 'प्लेबॅक'मध्ये जा, यादीत रिसीव्हरचं नाव दिसेल. ते निवडून 'कॉन्फिगर' दाबा आणि स्टिरिओऐवजी ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) निवडा. तिथे स्पीकरची छोटी चित्रं येतात. एकेकावर क्लिक केलं की त्या-त्या स्पीकरमधून सूर वाजतो. मागचा डावा दाबला आणि मागचा डावाच वाजला, तर केबल, ग्राफिक्स कार्ड आणि स्पीकरच्या वायरी हे सगळं बरोबर आहे. हे न केल्यामुळे पाच स्पीकर लावूनही महिनोन्महिने स्टिरिओच ऐकणारी घरं मी पाहिली आहेत.

यानंतर प्लेअर. कोडी, व्हीएलसी, एमपीसी अशा प्लेअरमध्ये 'पासथ्रू' नावाची सोय असते. ती चालू केली की प्लेअर आवाज स्वतः उलगडत नाही, जसाच्या तसा रिसीव्हरला देतो. रिसीव्हरच्या पुढच्या डिस्प्ले पट्टीवर तेव्हा 'डॉल्बी ट्रूएचडी' किंवा 'डीटीएस-एचडी एमएसटीआर' अशी अक्षरं येतात. पासथ्रू बंद असेल तर कॉम्प्युटर आवाज उलगडून पीसीएम पाठवतो आणि पट्टीवर 'मल्टी सीएच' दिसतं. डॉल्बीची अक्षरं आली नाहीत म्हणून लोक अस्वस्थ होतात, पण तुमच्याकडे छताचे स्पीकर नसतील तर काळजीचं कारण नाही. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे आवाजाचा कणही न गाळता दाबून ठेवायचे प्रकार आहेत. कॉम्प्युटरने उलगडले काय आणि रिसीव्हरने उलगडले काय, हाती येणारे ५.१ चॅनेल तेच. ॲटमॉसची गोष्ट निराळी: त्यातली वरून येणाऱ्या आवाजाची माहिती कॉम्प्युटरवर उलगडताना हरवते, तिथे पासथ्रूच लागतो.

पट्टीवर फक्त 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम २ सीएच' दिसत असेल, तर मात्र वाटेत कुठेतरी चॅनेल गळताहेत. फाईलमध्येच दोन चॅनेल असतील तर गोष्ट वेगळी. ते पाहायला व्हीएलसीत सिनेमा लावा आणि 'टूल्स'मध्ये 'कोडेक इन्फॉर्मेशन' उघडा. आवाजाचा प्रकार आणि चॅनेल तिथे लिहिलेले असतात.

तुमचा डेस्कटॉप आतल्या खोलीत आहे, म्हणजे या वाटेला भिंतीतून लांब एचडीएमआय टाकावी लागेल. ४के साठी साधी तांब्याची केबल पाच-सात मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. पडदा मधूनच काळा होणं, चित्रात ठिपके चमकणं ही तिची लक्षणं. त्यापुढे फायबर ऑप्टिक एचडीएमआय घ्यावी. तिला दिशा असते, एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. ती पाईपमधून ओढण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून चालवून बघा. भिंतीत उलटी गेलेली केबल परत ओढताना ती मोडते आणि नव्या रंगाच्या भिंतीला खाचाही पडतात. ऑप्टिकल ऑडिओची जुनी केबल आहेच घरात, तीच वापरू, असा विचार असेल तर तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल, साधं डीटीएस किंवा दोन चॅनेलचं पीसीएम एवढंच जातं. एएसी (आवाज दाबायचा आणखी एक प्रकार) ५.१ असलेली फाईल त्या वाटेने सहसा स्टिरिओ होऊनच पोचेल.

तिसरी वाट, आणि तुमच्या घराची रचना पाहता मी तुम्हाला हीच सुचवेन: टीव्हीखाली कोडी चालवणारा एक छोटा कॉम्प्युटर किंवा बॉक्स, तो एचडीएमआयने रिसीव्हरला जोडलेला. फायली आतल्या डेस्कटॉपवरच राहतील, बॉक्स त्या राउटरमार्गे उघडेल. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर लिब्रेएलेक (कोडी चालवण्यासाठीच बनलेली सिस्टीम) टाकूनही हे काम उत्तम होतं. स्वस्त ओटीटी स्टिकवर या कामासाठी विसंबू नका, ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी पुढे देण्याच्या बाबतीत त्या बऱ्याचदा कमी पडतात. या वाटेचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पाच वर्षांनी नवा फॉरमॅट आला तर बॉक्स बदलायचा, रिसीव्हर तसाच राहतो. चांगला ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वर्षं सहज चालतो. फायली उघडणारी सॉफ्टवेअर मात्र पाहता पाहता जुनी होतात. हे दोन्ही एका खोक्यात शोधायला गेलात की लवकर जुन्या होणाऱ्या गोष्टीपायी टिकाऊ गोष्ट फेकावी लागते.

फक्त नेटवर्क बघून घ्या. ब्लू-रेच्या फाईलला सेकंदाला जास्तीत जास्त ५४ मेगाबिट लागतात, ४के ब्लू-रेला १२८ पर्यंत. मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये आजूबाजूच्या वीस घरांचे राउटर २.४ गिगाहर्ट्‌झवर गर्दी करून असतात, तिथे ब्लू-रेची फाईल अडखळणारच. ५ गिगाहर्ट्‌झ वापरा, किंवा त्याहून बरं, लॅनची वायर टाका. भिंत फोडणारच असाल तर लांब एचडीएमआयऐवजी कॅट ६ ही लॅनची वायर टाकणं स्वस्त आणि कमी कटकटीचं. पुष्कळ टीव्हींचा स्वतःचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, हेही पहिल्या वाटेच्या विरोधात जातं.

आता वडिलांची गाणी. इथे रिसीव्हर खरंच फाईल उघडतो, त्यामुळे फायलींची यादी वाचण्याचा उपयोग आहे. एमपी३, वेव्ह, फ्लॅक तिन्ही तुमच्या टप्प्यातल्या नेटवर्क रिसीव्हरांत चालतात. वेव्हमध्ये गायकाचं नाव, रागाचं नाव नीट जपलं जात नाही, म्हणून सगळ्या वेव्ह फ्लॅकमध्ये बदलून घ्या. आवाजात काही कमी होत नाही आणि जागा बरीच वाचते. हाय-रेझच्या चिन्हासाठी पैसे घालवू नका. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्‌झ दर्जात २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज मावतो, आणि घरच्या कॅसेटवर तेवढ्या वरचं काही टिकलेलंच नसतं. त्या पैशांत कॅसेट पुन्हा एकदा चांगल्या डेकवर, हेड साफ करून, नीट उतरवून घ्या. फरक ऐकू येईल तो तिथे.

देवनागरी नावांची अडचण मात्र खरी आहे आणि ती कुठलाही दुकानदार सांगत नाही. छोटा गंधर्व, माणिक वर्मा अशा मराठीत नावं दिलेल्या फोल्डरांच्या जागी बहुतेक रिसीव्हरांच्या पट्टीवर टिंबं किंवा चौकोन दिसतात, कारण त्यांत आपली लिपी नसते. टीव्हीवर येणाऱ्या मेनूतही तेच. गाणं वाजतं, पण कुठलं लावतोय ते कळत नाही. म्हणून नावं इंग्रजीत बदलायला मी कोणाला सांगत नाही, एवढ्या मायेने लिहिलेली नावं का पुसायची? कंपनीचं ॲप फोनवर घ्या, डेनॉनचं हीऑस, यामाहाचं म्युझिककास्ट. फोनला देवनागरी येते, त्यामुळे तिथून यादी सहसा नीट दिसते. वडील स्वतः गाणी लावणार असतील तर त्यांच्या हातात फोन बसतो का, हे आधी बघा. बसत नसेल तर त्यांच्या आवडीची गाणी एका पेन ड्राइव्हवर ०१, ०२ असे आकडे पुढे लावून द्या. तेवढं पट्टीवरही वाचता येतं.

आणखी एक गोष्ट गाण्यांच्याच बाबतीत. कॅसेटची एक बाजू दोन-तीन फायलींत तोडलेली असेल तर काही रिसीव्हर दोन फायलींमध्ये क्षणभर थांबतात. आलापाच्या मध्येच खंड पडला की फार खटकतं. घेण्याआधी 'गॅपलेस' आहे का ते विचारा, आणि शक्य असेल तर अशाच दोन फायली दुकानात लावून ऐका.

तेव्हा प्रत्यक्ष खरेदीला काय बघायचं? एचडीएमआय इनपुट किमान चार, ईआर्क, ४के साठी एचडीसीपी (चित्राच्या कॉपी-संरक्षणाची पद्धत) २.२ किंवा पुढचं, लॅनचा पोर्ट, आणि तुमच्या हॉलला पुरेल असा ५.१ ॲम्प. छताचे स्पीकर पुढे लावायचे असतील तरच ७ चॅनेलचा विचार करा. उरलेला पैसा मधल्या स्पीकरवर घाला, सिनेमातले संवाद त्यातूनच येतात. जुना रिसीव्हर घ्यायचा मोह झाला आणि कॉम्प्युटरवर गेमही खेळत असाल, तर २०२० मध्ये आलेल्या पहिल्या ८के मॉडेलांबाबत जपून. त्यांतल्या अनेकांत एचडीएमआय चिपच्या दोषामुळे त्या वेळचं एनव्हिडियाचं नवं कार्ड किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के १२० हर्ट्‌झवर लावलं की पडदा काळा होत असे. नुसते सिनेमे पाहणाऱ्याला त्याचा त्रास नाही. आणि परदेशातून आणलेला स्वस्त माल दाखवला तर मागचं स्टिकर वाचा. अमेरिकेसाठी बनलेला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टला तो थेट लावला की जळतो, आणि वॉरंटीही इथे लागू होत नाही.

दुकानात जाताना लॅपटॉप, तुमची स्वतःची एचडीएमआय केबल आणि पाच फायली घेऊन जा: डीटीएस असलेला एक ब्लू-रे, ट्रूएचडी असलेला एक, डॉल्बी डिजिटलची एक डीव्हीडी, एक फ्लॅक, आणि मराठी नाव असलेलं एक एमपी३ फॅट३२ पेन ड्राइव्हवर. लॅपटॉप रिसीव्हरला जोडायला लावा आणि प्रत्येक फाईल लावताना नजर टीव्हीवर नको, रिसीव्हरच्या पट्टीवर ठेवा. हे करायला जो दुकानदार पंधरा मिनिटं देतो, त्याच्याकडून दोन हजार जास्त देऊन घेतलं तरी चालेल, कारण उद्या काही अडलं तर तोच फोन उचलेल.

टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचं पूर्ण मॉडेल आणि डेस्कटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड मला कळवा. त्यावरून तुमचा टीव्ही डीटीएस सोडतो की नाही आणि वेगळा बॉक्स घ्यावाच लागेल की नाही, हे तुम्ही लॅमिंग्टन रोडला पुन्हा जाण्याआधीच सांगता येईल.